आजोबांना जरा गप्प बसवा: किशोरांच्या कादंबरीत तत्त्वज्ञान कसं आणावं

तुमची अडचण मला समजली ती अशी. १४ ते १६ वयाच्या मुलांसाठी तुम्ही कादंबरी लिहिताय. नायिका मुक्ता, वय १५. तिचे आजोबा तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. दर रविवारी ते तिला एका तत्त्वज्ञाची ओळख करून देतात, आणि त्या आठवड्यात तिच्या आयुष्यात असं काहीतरी घडतं की आजोबांचं म्हणणं तिला पटतं. पहिली पाच प्रकरणं तुम्ही तीन मुलांना वाचायला दिलीत. एकीनं तिसऱ्या प्रकरणात सोडून दिलं. एकानं ‘छान आहे’ म्हणून विषय बदलला. तिसऱ्यानं विचारलं, ‘हे परीक्षेला आहे का?’ आता तुमचा प्रश्न आहे, भाषा आणखी सोपी करू की विनोद वाढवू?

दोन्ही नको. तुम्ही दिलेला उतारा मी वाचला. भाषा मुळात सोपीच आहे, आणि वरून विनोद भुरभुरवला तरी व्याख्यान ते व्याख्यानच राहतं. तिसऱ्या मुलाचं बोलणं तुम्हाला लागलं असणार, पण तिघांत खरा समीक्षक तोच. गोष्टीचे कपडे घालून आलेलं पाठ्यपुस्तक त्यानं दारातच ओळखलं. या वयाच्या मुलांचं नाक याबाबतीत फार तिखट असतं. त्यांना दिवसभर कुणी ना कुणी काहीतरी शिकवतच असतं, त्यामुळे शिकवण्याचा वास त्यांना लांबून येतो.

तुमचा घोटाळा क्रमाचा आहे. तुमच्या कादंबरीत उत्तर रविवारी येतं आणि प्रश्न बुधवारी. मुक्ताला पेच पडायच्या आधीच तिच्या खिशात तोडगा असतो. मग बुधवारी जे घडतं ते संकट राहत नाही, आजोबांच्या धड्याचं प्रात्यक्षिक होतं. वाचकाला हे पहिल्या प्रकरणात कळत नाही, दुसऱ्यात संशय येतो आणि तिसऱ्यात खात्री पटते. म्हणून ती मुलगी बरोबर तिसऱ्यातच थांबली.

पुढे जाण्याआधी, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकते. मुलांना तत्त्वज्ञांची नावं, काळ, कोणी कोणाला खोडून काढलं हे कळावं असा हेतू असेल, तर माझा निम्मा सल्ला तुमच्या कामाचा नाही. त्यासाठी सरळ माहितीचं पुस्तक लिहा, त्यात आजोबा खुशाल बोलू देत. मुलांनी स्वतः विचारात पडावं असा हेतू असेल तर पुढचं वाचा. वयाचाही फरक आहे. माझ्या अनुभवात १३ वर्षांची मुलं ‘हे बरोबर आहे का’ यावर तुटून पडतात, तर १६-१७ ची मुलं ‘बरोबर ठरवणारे तुम्ही कोण’ इथूनच सुरुवात करतात. आणखी एक, पुस्तक वर्गात मोठ्यानं वाचलं जाणार की कुणीतरी रात्री पांघरुणात एकट्यानं वाचणार? वर्गासाठी गोष्ट अधांतरी सोडलेली चालते, कारण उरलेलं काम चर्चा करते. एकट्या वाचकाला तसं सोडलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. तुमचा वाचक एकटा आहे असं मी धरून चालते.

गेली १८ वर्षं मी या वयाच्या मुलांसाठी लिहिते, इतरांचं लिखाण संपादित करते आणि एक छोटा वाचनगट चालवते. सुरुवातीला मीही तुमच्यासारखंच केलं होतं. फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीनं १९६७ साली एका निबंधात एक उदाहरण दिलं. ट्राम सुटली आहे, चालकाला ती फक्त एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवता येते. एका रुळावर पाच माणसं काम करताहेत, दुसऱ्यावर एक. तो निबंध मुळात गर्भपाताच्या नैतिक प्रश्नाबद्दल होता आणि ट्राम त्यात काही ओळींपुरती येऊन जाते, पण पुढे गाजली ती ट्रामच. मी त्यावर १२ पानांची कथा लिहिली. चालकाला नाव दिलं, घाम दिला, घरी आजारी बायको दिली. गटात वाचून दाखवली आणि मोठ्या थाटात विचारलं, “तुम्ही काय केलं असतं?”

पहिला प्रश्न आला, “हॉर्न नाहीये का?”

मी म्हटलं, “हॉर्न बिघडलाय असं समजा.”

“मग ओरडायचं.”

“त्यांना ऐकू येत नाही असं समजा.”

“सहाच्या सहा जणांना?”

सगळे हसले. एकानं तोवर वहीत रुळांचं चित्र काढून सांधा अर्धवट सरकवला तर ट्राम घसरून कुणीच कसं मरणार नाही, ते दाखवायला सुरुवात केली होती. माझी कथा तिथेच संपली. मी चिडले, मुलं गंभीरपणे घेत नाहीत वगैरे घरी येऊन बोलले. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की मुलंच गंभीर होती. माणसं मरणार म्हटल्यावर त्यांनी वाचवायचा मार्ग शोधला. कोणताही धड माणूस तेच करेल.

चूक माझी होती, आणि ती तुमच्या कामाची आहे म्हणून नीट सांगते. तत्त्वज्ञाचं उदाहरण हे मोजायचं उपकरण असतं. एकच गोष्ट मोजता यावी म्हणून त्यातून बाकी सगळं मुद्दाम काढून टाकलेलं असतं. माणसांना नावं नसतात, भूतकाळ नसतो, तिसरा मार्ग नसतो. प्रयोगशाळेत हवा काढून टाकतात तसं. कथेत मात्र माणसांना श्वास घ्यायचा असतो. मी हवा काढलेल्या भांड्यात माणसं बसवली आणि वरून त्यांना घाम फोडला. कथाकाराला नेमकं उलट करावं लागतं. तत्त्वज्ञानं जे काढून टाकलं ते परत भरायचं. कोण कुणाचं कोण लागतं, काल काय झालं होतं, आणि मुख्य म्हणजे निर्णय झाल्यावरही उद्या याच माणसांना एका छताखाली राहायचं आहे.

आता तुमचंच दुसरं प्रकरण घेऊ. त्यात थीसियस या ग्रीक दंतकथेतल्या वीराचं जहाज आहे. तुम्ही लिहिलंय: ‘“बघ मुक्ता,” आजोबा चष्मा पुसत म्हणाले, “जहाजाच्या जुन्या फळ्या एकेक करून बदलत गेले. सगळ्या बदलून झाल्यावर ते तेच जहाज राहिलं का?” मुक्ता विचारात पडली.’

यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. मुक्ता विचारात पडलेली नाही, तुम्ही तिला ढकललंय. हजारो वर्षांपूर्वीचं जहाज तेच राहिलं की नाही यानं पंधरा वर्षांच्या मुलीचं काय बिघडतं? तिला उत्तर ‘हो’ आलं तरी जेवायची वेळ तीच, ‘नाही’ आलं तरी तीच. प्रश्न चांगला आहे, फक्त त्यावर काही टांगलेलं नाही. मूळ गोष्टीत होतं बरं का. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकानं लिहिलंय की ते जहाज अथेन्सच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं होतं. ज्या वीराच्या नावानं शहर अभिमान मिरवतं, त्याचं म्हणून दाखवायची वस्तू ती. ते जहाज ‘ते’ नसेल तर मग जपतोय काय, हा प्रश्न त्या लोकांना झोंबणारा होता. आपण फळ्या तेवढ्या उचलल्या आणि झोंबणं मागे ठेवून आलो.

मी हे असं लिहिलं असतं:

निनाद चार वर्षांनी घरी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं सायकलची किल्ली मागितली.

“कुठली सायकल?” मुक्तानं विचारलं.

“कुठली म्हणजे? माझी.”

मुक्ता बोटांवर मोजायला लागली. “चेन मी बदलली. दोन्ही टायर मी. सीट तुझी फाटलेली होती. हँडल गेल्या वर्षी. ब्रेक दोनदा. फ्रेमला तडा गेला तेव्हा नवीन घातली, ते पैसे माझ्या वाढदिवसाचे होते. आता सांग, तुझं काय आहे तिच्यात?”

निनाद सायकलभोवती एक फेरी मारून आला. खाली वाकला, उभा राहिला. मग त्यानं अंगठ्यानं घंटी वाजवली.

“ही,” तो म्हणाला.

एवढंच. जहाज नाही, थीसियस नाही, कुणी विचारात पडलेलं नाही. पण गटात मी हा प्रसंग वाचला तेव्हा पुढचा पाऊण तास मला तोंड उघडावं लागलं नाही. कुणी म्हणालं, पैसे ज्याचे वस्तू त्याची. लगेच दुसरीनं विचारलं, मग बाबांच्या पैशानं घेतलेली माझी वही बाबांची का? कुणी म्हणालं, त्यानं ‘वापर’ म्हणून दिली होती, ‘घे’ म्हणून नव्हे. एक मुलगा बराच वेळ गप्प होता, तो म्हणाला, एकेक भाग बदलताना दरवेळी ती त्याचीच सायकल होती ना, मग नेमकी कोणत्या दिवशी तिची झाली? हा प्रश्न लिहून काढा आणि कोणत्याही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नेऊन ठेवा, तिथे शोभेल.

पुढच्या प्रकरणासाठी तर आयतीच कलाटणी आहे. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानं १६५५ साली या जहाजाच्या कोड्यात एक भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणीतरी गोळा करून ठेवल्या आणि त्याच क्रमानं पुन्हा जोडल्या, तर मूळ जहाज कोणतं? आपल्या गोष्टीत शेजारच्या मुलानं मुक्तानं टाकलेला एकेक भाग उचलून नेला होता, फ्रेमचा तडा सांधून घेतला, आणि आता खडखडत का होईना एक सायकल दारात उभी आहे. त्या सायकलला फक्त घंटी नाही. निनाद कुणाच्या दारात जाणार?

इथे एक मोह होईल, तो टाळा. निनादला खरं तर सायकल नकोच आहे. चार वर्षांत तोही नखशिखांत बदललाय, घरात त्याच्या खोलीत आता दुसरं कुणी झोपतं, आणि त्याला चाचपून बघायचंय की आपण अजून या घरातले आहोत का. सायकलचा प्रश्न म्हणजे त्याचाच प्रश्न. हे तुम्हाला माहीत हवं, मला माहीत हवं. निनादच्या तोंडी मात्र ते घालू नका. ‘मीही या सायकलसारखाच आहे गं’ हे वाक्य ज्या क्षणी लिहाल त्या क्षणी आजोबा मागच्या दारानं परत येतील.

प्रसंग जमला की नाही हे मी हात मोजून ठरवते. निर्णयाच्या अलीकडे वाचन थांबवायचं आणि विचारायचं, कोण कुणाच्या बाजूनं? सायकलच्या वेळी अकरा मुलं होती. सहा मुक्ताकडे, चार निनादकडे, आणि एकजण म्हणाला घंटी काढून त्याला द्या आणि विषय संपवा. असं झालं की मी खूश असते. सगळे हात एकाच बाजूला गेले तर तो प्रसंग मी फाडते, मग त्यात कितीही थोर विचार असो. कारण सगळे एका बाजूला जातात याचा अर्थ दुसरी बाजू मी पेंढा भरून उभी केली होती. तुमच्या चौथ्या प्रकरणात मुक्ताच्या विरुद्ध बोलणारा मुलगा तसाच आहे. तो आळशी आहे, उर्मट आहे आणि वरून खोटारडाही आहे. तिच्याशी कोण सहमत होणार नाही? त्याला मुक्तापेक्षा हुशार करा. त्याचं म्हणणं लिहिताना, निदान पानभर तरी, तुम्हाला स्वतःला तेच पटलं पाहिजे.

तुम्ही असंही लिहिलंय, की आपल्या परंपरेतलं काही घ्यायचं तर उपदेश टळत नाही. मला उलट वाटतं. कठोपनिषद उघडा आणि सुरुवात लक्ष देऊन वाचा. वडील सर्वस्व दान करायला निघालेत, आणि मुलगा, नचिकेत, बघतोय की दान म्हणून ज्या गायी चालल्यात त्यांचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, शेवटचं गवत खाऊन झालंय, दूध आटलंय. तो विचारतो, मला कुणाला देणार? वडील गप्प. तो पुन्हा विचारतो. मग तिसऱ्यांदा. वडील भडकून म्हणतात, मृत्यूला देतो तुला! घरात किशोरवयीन मूल असलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मोठ्यांचं बोलणं आणि करणं यांतली फट दिसली की त्यात बोट घालून तीन-तीनदा विचारणारं पोर, आणि उत्तर नसलं की रागावणारा बाप. मग नचिकेत खरंच निघतो. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबतो, तीन वर मिळतात, आणि पहिला वर काय मागतो? मी परत गेल्यावर वडिलांचा राग गेलेला असू दे. आत्म्याचं, मरणानंतरचं पुढे, तिसऱ्या वरात. बहुतेक रूपांतरं गायी दोन ओळींत उरकतात, पहिला वर गाळतात आणि धावत यमाच्या उपदेशापाशी जातात. जे मुलांचं होतं तेच वगळायचं आणि मग मुलांना रस नाही म्हणायचं!

म्हणजे विषय कुठून शोधायचा, तर तत्त्वज्ञांच्या यादीतून नको, मुलांच्या तोंडच्या वाक्यांतून शोधा. मी एक वही ठेवली आहे, तिच्यात ऐकलेली वाक्यं टिपते. ‘मी आहेच अशी.’ ‘तुला कसं माहीत?’ ‘सांगितलं नाही म्हणजे खोटं बोलले असं नाही.’ ‘काय फरक पडतो?’ प्रत्येकामागे एक दालन आहे. माझं सगळ्यात लाडकं वाक्य ‘सगळेच करतात’. कान्ट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ साली नीतीची जी कसोटी मांडली ती याच वाक्याला आतून बाहेर उलटवते: तू जे करतोयस ते सगळ्यांनीच नियम म्हणून केलं तर चालेल का, तुझं करणं तरी शक्य राहील का? हे मुलांना समजावून सांगत बसलात तर जांभया येतील. त्याऐवजी असा वर्ग उभा करा जिथे सगळेच एकमेकांच्या खासगी चॅटचे स्क्रीनशॉट पुढे पाठवतात. ‘सगळेच करतात’ म्हणून नायिकाही पाठवते. पाठवणं चालू राहतं, पण आठवडाभरात कुणी कुणाला चॅटवर काही खरं सांगेनासं होतं, आणि मग पाठवण्यासारखंच काही उरत नाही. नियम स्वतःलाच खाऊन टाकतो. मुलांना हे दिसतं. कान्टचं नाव नाही घेतलंत तरी कान्ट भेटतो.

तसंच प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधल्या अंगठीचं. दुसऱ्या भागात ग्लॉकन नावाचा तरुण सॉक्रेटिसला सांगतो, एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी मिळाली आणि राजाला मारून तो राजा झाला. पकडले जाणारच नसू तर कोण भलं वागेल? आजच्या मुलांना अंगठी समजावायला नको. निनावी अकाउंट प्रत्येकाला ठाऊक आहे. एवढंच बघा, की अंगठी वाईट मुलाला देऊ नका. वर्गातल्या सगळ्यात सरळ मुलीला द्या, आणि पहिल्यांदा तिला ती एखाद्या चांगल्या कामासाठी वापरू द्या.

आता एक आक्षेप तुम्ही घेणार हे मला दिसतंय: योस्टाइन गार्डर या नॉर्वेजियन लेखकाच्या १९९१ च्या ‘सोफीज वर्ल्ड’ या कादंबरीत तर पानंच्या पानं व्याख्यानं आहेत, आणि ती जगभर वाचली गेली. खरं आहे. पण त्यात व्याख्यानांच्या बरोबरीनं दुसरं काय चाललंय ते पाहा. चौदा वर्षांच्या मुलीला ‘तू कोण आहेस?’ अशी चिठ्ठी येते, आणि मग तिच्या पत्त्यावर भलत्याच मुलीच्या नावानं पत्रं यायला लागतात. पुढे गोष्ट अशा ठिकाणी जाते की स्वतःच्या असण्याबद्दलच तिला शंका यावी. व्याख्यानातला प्रश्न आणि नायिकेवरचं संकट एकच होतं, म्हणून ते जड ओझं कादंबरी पेलते. तुमच्या मुक्तावर तसं काही संकट नाही. तिला फक्त रविवार आहे.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण मॅथ्यू लिपमन या अमेरिकन प्राध्यापकाचं. विद्यापीठात शिकवताना त्याला वाटलं की विचार करायला शिकवायची वेळ इथे येईपर्यंत उशीर होतो, म्हणून त्यानं शाळकरी मुलांसाठी कादंबरी लिहिली आणि १९७४ साली मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी एक संस्थाच काढली. त्या कादंबरीत एकाही तत्त्वज्ञाचं नाव नाही. सुरुवात कशी आहे सांगू? मुलाचं वर्गात लक्ष नाही. शिक्षक विचारतात, शेपटी असलेलं, सूर्याभोवती ७७ वर्षांत फेरी मारणारं ते काय? त्याला एवढंच आठवतं की सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात, म्हणून तो म्हणतो, ग्रह. वर्ग हसतो. उत्तर धूमकेतू हे होतं. घरी जाताना तो कुढत बसत नाही, आपलं कुठे चुकलं ते शोधतो: ‘सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात’ हे खरं, पण वाक्य उलटं केलं की ते खरं राहत नाही. फजितीतून त्याला तर्कशास्त्राचा नियम सापडतो, आणि तो त्याचा स्वतःचा असतो. माझी एक तक्रार आहे. या कादंबऱ्या वर्गातल्या चर्चेसाठी लिहिलेल्या, त्यामुळे एकट्यानं वाचताना पात्रं थोडी लाकडी वाटतात. पण फजिती आधी आणि नियम नंतर, हा क्रम चोरण्यासारखा आहे.

जरा अवघड विषयाचं दोन वाक्यांत सांगते. ‘कशालाच अर्थ नाही’ हा प्रश्न या वयात खरा असतो, तो टाळू नका, पण त्यात पडलेल्या पात्राला पानंच्या पानं एकटं ठेवू नका. कुणीतरी त्याच्याजवळ बसलेलं असू दे, उत्तर नसलं तरी. आणि असं प्रकरण छापायच्या आधी मुलांशी कामाचा अनुभव असलेल्या समुपदेशकाला जरूर वाचायला द्या. मी देते.

राहिले आजोबा. तुम्ही विचारलंय, त्यांना काढून टाकू का? मुळीच नको, ते तुमचं सगळ्यात चांगलं पात्र होऊ शकतात. आत्ता त्यांची अडचण ही आहे की त्यांना सगळं माहीत आहे आणि त्यांचं काहीच पणाला लागलेलं नाही. त्यांना एक असा प्रश्न द्या जो त्यांना नको आहे. समजा त्यांनी ४० वर्षं कान्ट शिकवला. कान्टनं १७९७ साली एक छोटा निबंध लिहिला होता. खुनी दारात येऊन ‘तुझा मित्र घरात आहे का’ विचारतो, तेव्हाही खोटं बोलायचा हक्क आपल्याला नाही, असा त्यात त्याचा दावा होता. आजोबा तो दरवर्षी वर्गात शिकवत, आणि विद्यार्थी दरवर्षी भांडत. आणि समजा, मुक्ताला जुन्या कागदांत आजीच्या आजारपणाचे रिपोर्ट सापडले. तारखांवरून तिला कळलं की आजीला शेवटपर्यंत खरं सांगितलेलंच नव्हतं. आजीला वाटत होतं ती बरी होते आहे.

रविवार येतो. आजोबा चष्मा पुसतात. मुक्ता कागद टेबलावर ठेवते आणि विचारते, “आजीला माहीत होतं?”

इथे आजोबांना गप्प बसवा. एक परिच्छेद, दोन परिच्छेद, हवं तर प्रकरणभर. त्यांना चष्म्याच्या काचा पुन्हा पुसू देत. पहिल्यांदाच मुक्ता खरोखर विचारात पडेल, आणि तुम्हाला तसं लिहावं लागणार नाही. पुढच्या रविवारी ते बोलले तर प्राध्यापक म्हणून बोलणार नाहीत. ‘तिनं एकदा विचारलं होतं, आणि मी खिडकी लावायला उठलो’ असं काहीतरी म्हणतील. खोटं बोलणं केव्हा क्षम्य असतं यावर तुमच्याकडचे पहिल्या पाच प्रकरणांतले सगळे संवाद एकत्र केले तरी या खिडकीची बरोबरी होणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, की कादंबरी संपताना काहीतरी उत्तर द्यायला नको का, नाहीतर मुलं गोंधळतील. गोष्टीला शेवट हवाच. सायकल कुणाकडे गेली हे सांगा, आजोबा आणि मुक्ता पुन्हा बोलू लागले का हेही सांगा, नाहीतर मी वर म्हटलं तसं वाचकाला फसल्यासारखं वाटेल. पण प्रश्नाला शेवट असायलाच हवा असं नाही. प्लेटोचा ‘लायसिस’ नावाचा संवाद आहे, त्यात सॉक्रेटिस दोन कोवळ्या पोरांशी मैत्रीबद्दल बोलतो. सुरुवातीला तो लायसिसला छेडतो: आईवडिलांचं तुझ्यावर प्रेम आहे ना, तुला आनंदात ठेवावं असं त्यांना वाटतं ना, मग वडिलांचा रथ तुला का हाकू देत नाहीत? खेचरांची गाडी घरच्या गुलामाच्या हाती देतात, तुझ्या का नाही? (दोन हजारांहून अधिक वर्षं झाली, वाहनं तेवढी बदलली.) तिथून गाडी ‘मित्र म्हणजे काय’ यावर येते. एकेक व्याख्या मांडली जाते, मोडली जाते. आणि आता सॉक्रेटिस थोरल्यांपैकी कुणाला तरी चर्चेत ओढणार, एवढ्यात मुलांना सांभाळणारे नोकर येऊन उभे राहतात. सणाचा दिवस, ते जरा प्यायलेले, उशीर झाला म्हणून आपल्या मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये मुलांना घरी चला म्हणून ओरडतायत. त्यांना हाकलून बघतात, पण ते ऐकत नाहीत. बैठक मोडते. निघता निघता सॉक्रेटिस म्हणतो, आपण स्वतःला एकमेकांचे मित्र समजतो, पण मित्र म्हणजे काय ते काही आपल्याला सापडलं नाही.

तुमच्या शेवटच्या प्रकरणात आजोबा घसा खाकरून ‘तर मुक्ता, यावरून’ असं म्हणायला लागतील, मला खात्री आहे. तेवढ्यात खालून निनादनं घंटी वाजवू दे.